रावबहादूर दादोबा पांडुरंग : भाषेची शिस्त लावणारा शिक्षक

आपल्या ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्मरणिकेत प्रतिवर्षी एखाद्या थोर दिवंगत पुरुषाचे चरित्र देण्याचा परिपाठ आहे. ते चरित्र बहुधा ज्ञातीतील पुरुषाचे असते आणि ते योग्यही आहे. यंदा मात्र आम्ही ही चौकट थोडी ओलांडून रावबहादूर दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहो. दादोबा आपल्या ज्ञातीत जन्मलेले नव्हते. त्यांची ज्ञाती कोणती हेही आम्ही येथे हेतुपुरस्सर सांगत नाही. त्याचे कारण पुढे ओघाने येईल.

ही निवड करण्यास निमित्त झाले ते आपल्या डाळज, भिगवण, पळसदेव या टापूतील विद्यार्थ्यांचे. उजनीच्या पाण्याने कित्येक गावांची जमीन घेतली आणि उरलेल्या जमिनीला ऊस दिला. घरात चार पैसे आले आणि मुले इंदापूर, बारामती, पुणे येथे शिकावयास जाऊ लागली. गणितात व शास्त्रांत ती कोणाला हार जात नाहीत. परंतु मुलाखतीच्या खोलीत इंग्रजी वाक्य जुळविताना त्यांचा शब्द अडतो, किंवा अडत नाही पण भलताच पडतो. मग समोरचा हसतो आणि मुलगा मान खाली घालून परत येतो. पुढे तो इंग्रजीच्या वाटेसच जात नाही. असे हुशार मुलगे व मुली आम्ही पाहिल्या आहेत. हा दोष बुद्धीचा नव्हे, शिकविण्याच्या रीतीचा आहे, अशी आमची समजूत आहे. आणि ती समजूत दादोबांच्या चरित्राने दृढ होते.

दादोबांचा जन्म मुंबईस ९ मे १८१४ रोजी झाला. तर्खड हे वसईजवळचे गाव त्यांच्या घराण्याचे मूळ, म्हणून आडनाव तर्खडकर. पेशवाई बुडाली तेव्हा दादोबा चार वर्षांचे होते. त्यांचे विद्यार्जन ज्या काळात झाले तो काळ मुंबईत मोठ्या उलथापालथीचा होता. गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या आश्रयाने १८२२ साली एतद्देशीय मुलांच्या शिक्षणासाठी जी संस्था निघाली, तीच पुढे बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी म्हणून नावारूपास आली. तिच्या शाळेत दादोबा शिकले. बाळशास्त्री जांभेकर हे त्यांचे समकालीन. तेही याच संस्थेच्या छायेत वाढले आणि १८३२ साली त्यांनी मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत 'दर्पण' पत्र काढले. नवी विद्या घेणारी ही पहिली पिढी होय. पुढे वाट दाखविणारा कोणी वडीलधारा नाही, घरात कोणास ती भाषा येत नाही, अशा स्थितीत या मुलांनी इंग्रजी हस्तगत केली. आपल्या गावच्या पहिल्या पिढीतील विद्यार्थ्यांनी ही गोष्ट विशेष ध्यानी धरावी.

त्या काळी इंग्रजी शिकावयाची म्हणजे लिंडले मरे यांचे व्याकरण पाठ करावयाचे. हे मरे मूळचे अमेरिकेतील. इंग्लंडात यॉर्कनजीक स्थायिक होऊन त्यांनी १७९५ साली एका मुलींच्या शाळेकरिता हे व्याकरण रचिले आणि पुढे ते दोन्ही खंडांत व हिंदुस्थानातही पसरले. असंख्य विद्यार्थ्यांनी ते घोकले आणि परीक्षा होताच विसरून टाकले. दादोबांनी मात्र ते घोकता घोकता एक प्रश्न मनाशी धरिला : परक्या भाषेचे नियम आपण इतक्या कष्टाने शिकतो, तर आपण रोज बोलतो त्या भाषेचे नियम कोठे लिहिले आहेत?

ते बहुतेक कोठेच नव्हते. विल्यम कॅरे यांचे मराठी व्याकरण १८०५ साली श्रीरामपुरास छापले गेले होते, परंतु ते इंग्रजीत होते आणि साहेबांना मराठी शिकता यावी म्हणून लिहिलेले होते. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला; त्याची अडचण तीच. मराठी मुलाने मराठीतून मराठीचे स्वरूप समजून घ्यावे अशी सोय नव्हती. ती करण्यासाठी दादोबांनी 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' लिहिले आणि ते १८३६ साली प्रसिद्ध झाले. तेव्हा ग्रंथकाराचे वय अवघे बावीस वर्षांचे होते. त्याच सुमारास गंगाधरशास्त्री फडके व बाळशास्त्री यांचीही व्याकरणे पुढे आली. परंतु दीर्घकाळ शाळाशाळांतून चालले, सुधारून वाढविले गेले आणि ज्यावर पुढील वैयाकरणांनी आपले मतभेद मांडले, ते दादोबांचे. मराठी भाषेचे पाणिनी ही पदवी लोकांनी त्यांस दिली ती याचसाठी.

येथे आमच्या तालुक्याच्या वाचकांस एक योगायोग सांगण्याचा मोह आवरत नाही. ज्या १८३६ साली दादोबांनी मराठी भाषेची मोजणी पुरी केली, त्याच सुमारास गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात शेतवार नवी मोजणी व जमाबंदी सुरू केली, आणि तोच नमुना पुढे मुंबई इलाख्यात सर्वत्र गेला. शेताची हद्द ठरल्यावाचून सारा ठरत नाही. शब्दाची हद्द ठरल्यावाचून अर्थ ठरत नाही. दोन्ही कामे सारख्याच चिकाटीची आहेत.

दादोबांच्या व्याकरणाची घडण दुपेडी आहे. संज्ञा व विवेचनाची रीत पुष्कळशी संस्कृत व्याकरणाची, तर शब्दांच्या जाती पाडण्याची चौकट मरे यांच्या इंग्रजी व्याकरणाची. यावर पुढील काळात बरीच टीका झाली. मराठीचा प्रकृतिधर्म निराळा. तीन लिंगे, विभक्ती, कर्मणी व भावे प्रयोग हे इंग्रजी साच्यात नीट बसत नाहीत, हा आक्षेप खोटा नव्हे. परंतु हा आक्षेप घेणे शक्य झाले तेच दादोबांनी दोन भाषा शेजारी शेजारी मांडल्या म्हणून. स्वतः दादोबाही पहिल्या आवृत्तीस कवटाळून बसले नाहीत. १८५० साली दुसरी व १८५७ साली तिसरी आवृत्ती निघाली, १८६५ साली लहान मुलांसाठी लघुव्याकरण झाले, आणि मृत्यूच्या आदल्या वर्षी, १८८१ साली, मोठ्या व्याकरणाची पूरणिका त्यांनी प्रसिद्ध केली. बाविसाव्या वर्षी हाती घेतलेले काम सदुसष्टाव्या वर्षीही पुरे झाले असे त्यांस वाटले नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

त्यांची उपजीविका शिक्षकाची होती. माळव्यातील जावरा संस्थानच्या नबाबाचे शिक्षक म्हणून त्यांनी काही काळ काढला; नंतर ते सुरतेच्या इंग्रजी शाळेत अध्यापक होते. १८४६ साली मुंबईस एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील नॉर्मल क्लासचे, म्हणजे भावी शिक्षक तयार करणाऱ्या वर्गाचे, ते प्रमुख झाले. १८४८ साली तरुण विद्वानांनी मराठी ज्ञानप्रसारक सभा स्थापिली तेव्हा अध्यक्षपद दादोबांकडे आले.

याच वेळी शिक्षणाच्या माध्यमाचा मोठा वाद मुंबईत पेटला होता. बोर्ड ऑफ एज्युकेशनचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचे म्हणणे, उच्च ज्ञान इंग्रजीतूनच द्यावे व सरकारचा पैसा तिकडेच लावावा. कर्नल जर्व्हिस, नाना शंकरशेट आदी सभासदांचे म्हणणे, देशी भाषांतून दिलेले ज्ञानच लोकांत मुरते. १८४७ च्या सुमारास हा वाद ऐन भरात आला आणि १८५४ च्या वुड साहेबांच्या खलित्याने त्यात तडजोड झाली : वरच्या शिक्षणास इंग्रजी, सर्वसामान्य लोकांस देशभाषा. दादोबांचा नॉर्मल क्लास या वादाच्या ऐन मध्यावर उभा होता. त्यांनी इंग्रजी उत्तम आत्मसात केली होती, पण आयुष्याची मेहनत मराठीस दिली. एकीसाठी दुसरी टाकावी असे त्यांच्या वर्तनात कोठेही दिसत नाही. उलट, आपल्या भाषेची रचना ज्यास उमगली त्यासच परभाषेची रचना वेगळी कोठे पडते हे उमगते, हा त्यांच्या साऱ्या उद्योगाचा मथितार्थ आम्हांस वाटतो.

हा मथितार्थ आजच्या विद्यार्थ्यास कसा उपयोगी पडेल हे दाखविण्यासाठी आम्ही चरित्राचा धागा क्षणभर बाजूस ठेवितो. पुढील उदाहरणे दादोबांच्या ग्रंथातील नव्हेत. ती आपल्या नित्याच्या बोलण्यातील आहेत.

आपला 'ने' हा प्रत्यय घ्या. कोयत्याने ऊस तोडला, एस.टी.ने इंदापूरला गेला, दीर्घ आजाराने वारला. मराठीत तिन्ही ठिकाणी एकच 'ने'. इंग्रजीत कोयत्यास 'विथ', एस.टी.स 'बाय' आणि आजारास 'ऑफ' लागते. 'पर्यंत' पाहा. सोमवारपर्यंत थांबा यात 'टिल', सोमवारपर्यंत पैसे भरा यात 'बाय', आणि इंदापूरपर्यंत चालत गेलो यात 'अॅज फार अॅज'. पहिल्यात क्रिया सोमवार येईतो चालूच राहते, दुसऱ्यात ती सोमवारच्या आत केव्हाही एकदा घडावयाची असते, तिसऱ्यात काळ नसून अंतर आहे. 'पासून' तसेच. २०१५ पासून शेती करतो येथे आरंभाचा क्षण सांगितला, म्हणून 'सिन्स'. दहा वर्षांपासून करतो येथे अवधी सांगितला, म्हणून 'फॉर'. आपला विद्यार्थी दोन्हीकडे 'सिन्स' घालतो. का घालतो? मराठीत 'पासून' एकच आहे म्हणून. तो अज्ञानी नाही. तो मराठीशी प्रामाणिक आहे.

विशेषणांची गोष्ट हीच. मोठा भाऊ 'एल्डर', मोठा आवाज 'लाउड', मोठा वाडा 'बिग', मोठा पुरुष 'ग्रेट'. क्रियापदांत उसने देणे 'लेंड' तर उसने घेणे 'बॉरो'. शिकणे 'लर्न' तर शिकविणे 'टीच'. आठवणे 'रिमेंबर' तर आठवण करून देणे 'रिमाइंड'. आपण एकाच धातूस प्रत्यय लावून किंवा जोड क्रियापद देऊन जो भेद दाखवितो, तो इंग्रज निराळा शब्द घेऊन दाखवितो. उलट, आपल्यास विभक्ती लागते तेथे इंग्रजीस काहीच लागत नाही अशीही स्थळे आहेत. आपण एखाद्या गोष्टीविषयी चर्चा करतो म्हणून 'डिस्कस' पुढे 'अबाउट' बसवितो, गावाला पोचतो म्हणून 'रीच' पुढे 'टू' बसवितो, दोन्ही अनावश्यक. परंतु गाणे ऐकतो म्हणताना आपण मध्ये काही घालीत नाही, आणि इंग्रजीत 'लिसन' पुढे 'टू' घातल्यावाचून चालत नाही. 'ए' आणि 'द' ही उपपदे तर मराठीत नाहीतच. त्यामुळे ती केव्हा वापरावी हे कानाने नव्हे, नियम समजूनच प्रथम शिकावे लागते. प्रयोगाचे उदाहरण शेवटी देतो. रामाने आंबा खाल्ला या वाक्यास आपण कर्मणी प्रयोग म्हणतो, म्हणून विद्यार्थी इंग्रजीतही आंब्यास कर्ता करून वाक्य उलटे फिरवितो. ते नको, इंग्रजीत सरळ राम कर्ता ठेवून 'एट' म्हणावे.

वाचकांच्या लक्षात आले असेल की यांतील प्रत्येक चूक नियमबद्ध आहे. ती कोठे होणार हे मराठीचे व्याकरण जाणणारा शिक्षक आधीच सांगू शकतो. कोश येथे फारशी मदत करीत नाही. मोल्सवर्थ व कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली निघाला तेव्हापासून कोशांची वाण नाही. पण कोश एका शब्दापुढे पाच शब्द मांडून थांबतो, त्या पाचांतून एक उचलण्याचा विवेक तो देत नाही. तो विवेक वाक्यातून येतो. म्हणून सुटा शब्द पाठ न करता शब्दाबरोबर त्याचे वाक्य पाठ करावे, आणि मराठीतील अर्थ आधी मनाशी नीट उलगडून मग इंग्रजी शब्द शोधावा.

आता पुन्हा चरित्राकडे वळू, आणि ज्ञातिसंस्थेच्या अंकात लिहावयास जो भाग अवघड, तो सांगू. सुरतेस असताना दादोबांनी दुर्गाराम मेहताजी व अन्य मित्रांसह १८४४ साली मानवधर्म सभा स्थापिली. ईश्वर एक, मनुष्यजाती एक, हा तिचा आशय. मुंबईस आल्यावर १८४९ साली त्यांच्या प्रेरणेने परमहंस सभा निघाली. तिच्या सभासदांस जातिभेद सोडल्याची खूण म्हणून ख्रिस्ती माणसाने केलेला पाव व मुसलमानाच्या हातचे पाणी घ्यावे लागे. हे सारे गुप्तपणे चाले. १८६० च्या सुमारास सभासदांच्या नावांची यादी फुटली, बोभाटा झाला आणि सभा मोडली. जे सत्य वाटते ते उघड बोलण्याचे धैर्य या मंडळींस नव्हते, असा दोष त्यांस दिला जातो आणि तो सर्वथा टाळता येणार नाही. दादोबांचे 'धर्मविवेचन' १८४३ साली लिहून झाले होते, पण छापले गेले १८६८ साली, आणि तेही टोपण नावाने. तथापि त्या काळी बहिष्कार म्हणजे काय होते हे ज्यास ठाऊक आहे तो त्यांस फार कठोर शब्द लावणार नाही. त्यांचे बंधू डॉक्टर आत्माराम पांडुरंग यांनी १८६७ साली प्रार्थना समाज उघडपणे स्थापिला. गुप्त वाटेने जे साधले नाही ते राजमार्गाने साधण्याचा तो यत्न होता.

दादोबांची जात आम्ही का सांगितली नाही, हे आता कळून येईल. ज्ञातिसंस्था वसतिगृह चालविते, शिष्यवृत्ती देते, अडल्यानडल्यास धावते. ही तिची शोभा. परंतु विद्येस जात लावू नये, एवढा तरी बोध त्यांच्या चरित्रातून आपण घेतला पाहिजे. आपल्या संस्थेने इंग्रजीचा वर्ग काढला तर त्याची दारे डाळजच्या प्रत्येक मुलामुलीस उघडी असावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दुसरे बंधू भास्कर पांडुरंग यांची हकीकतही आमच्या विषयास लागू आहे. १८४१ साली 'बॉम्बे गॅझेट' पत्रात एक हिंदू या सहीने आठ इंग्रजी पत्रे प्रसिद्ध झाली. त्यांत कंपनीच्या राज्याने या देशाची कशी लूट केली याची परखड चिकित्सा होती. ती पत्रे भास्कररावांची. अल्प वयातच, १८४७ साली, ते वारले. इंग्रजी अचूक येण्याचे मोल केवळ नोकरीपुरते नाही. राज्यकर्त्यास त्याच्याच भाषेत जाब विचारता येतो, हे या तरुणाने दाखविले. थोरल्या बंधूंचा मार्ग निराळा पडला. १८५२ साली दादोबा अहमदनगरास डेप्युटी कलेक्टर झाले, सत्तावन्नच्या धामधुमीत त्यांनी भिल्लांच्या बंडाचा मोड करण्यात सरकारास साह्य केले आणि रावबहादूर ही पदवी मिळविली. एकाच घरात ही दोन टोके होती. चरित्रकाराने त्यांपैकी एक झाकून ठेवणे बरे नव्हे.

सरकारी कामाने त्यांची लेखणी थांबली नाही. मोरोपंतांच्या 'केकावली'वर त्यांनी लिहिलेली 'यशोदापांडुरंगी' ही टीका १८६५ साली प्रसिद्ध झाली. मोरोपंतांचे वास्तव्य आपल्या बारामतीस. कऱ्हेकाठी रचल्या गेलेल्या या काव्यावर आधुनिक रीतीने, शब्द न् शब्द तपासून टीका लिहिणारा हा मुंबईकर पंडित आपल्या मुलखाचा ऋणको नव्हे, धनकोच म्हणावा लागेल. पुढे १८७८ साली स्वीडनचे तत्त्ववेत्ते स्वीडनबॉर्ग यांच्या ग्रंथांवरील आपले विचार त्यांनी स्वतः इंग्रजीत लिहिले आणि ते पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. मरे यांचे व्याकरण घोकणाऱ्या मुलाने वयाच्या चौसष्टाव्या वर्षी इंग्रजी वाचकांपुढे धर्मचर्चा मांडावी, यापरता त्या विद्येचा दुसरा दाखला नको. १७ ऑक्टोबर १८८२ रोजी त्यांचे देहावसान झाले. त्यांचे आत्मचरित्र १८४६ पर्यंत येऊन थांबले आहे, अ. का. प्रियोळकर यांनी १९४७ साली ते चरित्राची जोड देऊन प्रसिद्ध केले.

त्या घराण्यातील इंग्रजीचा वारसा आणखी एका प्रसंगाने स्मरणीय झाला आहे. १८७८ साली विलायतेस जाण्यापूर्वी तरुण रवींद्रनाथ ठाकूर इंग्रजी बोलण्याचा सराव व्हावा म्हणून मुंबईस डॉक्टर आत्माराम यांच्या घरी राहिले होते, आणि त्यांस शिकविण्याचे काम केले डॉक्टरांची कन्या अन्नपूर्णा यांनी. पुढे ज्यांच्या इंग्रजी 'गीतांजली'ने जगास मोहिनी घातली, त्यांनाही एके काळी इंग्रजी बोलण्यासाठी एका मराठी मुलीचा आधार घ्यावा लागला, हे आपल्या संकोची विद्यार्थ्यांनी विसरू नये. जाता जाता एक गैरसमज दूर करू. तर्खडकरांची म्हणून पिढ्यानपिढ्या घरोघर वापरली गेलेली इंग्रजी भाषांतर पाठमाला दादोबांची आहे असे पुष्कळांस वाटते. ती त्यांची नव्हे. आडनाव तेवढे एक. पण मराठी वाक्य पुढे ठेवून इंग्रजी शिकविण्याची तिची रीत दादोबांस रुचली असती, यात आम्हांस संशय नाही.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आली. भाषा लवकर आली, पण भीती गेली नाही. ती घालविण्यास संस्थेने दोन गोष्टी कराव्या, अशी आमची नम्र सूचना आहे. एक, सुटीच्या दिवसांत थोरल्या विद्यार्थ्यांनी धाकट्यांचा वर्ग घ्यावा व त्यात होणाऱ्या चुकांची एक वही ठेवावी. प्रत्येक चुकीपुढे ती मराठीच्या कोणत्या सवयीने झाली ते लिहावे. दोन-तीन वर्षांत ती वहीच आपल्या मुलांसाठी उत्तम पाठ्यपुस्तक होईल. दुसरी, चुकणाऱ्यास हसण्याची चाल आपल्या मंडळींत तरी बंद व्हावी. दादोबांनी पंचेचाळीस वर्षे आपल्या ग्रंथात दुरुस्त्या केल्या आणि त्यात त्यांस कमीपणा वाटला नाही. आपल्या मुलांस एवढी सवड द्यावी, इतकीच ज्ञातिबांधवांस व भगिनींस विनंती करून आम्ही हे चरित्र येथे पुरे करितो.